ऑफिसचं विंडोज, घरचं मॅकबुक आणि टेबल एकच: डॉक कोणता घ्यावा?

शांत_टेबल

घरच्या टेबलासाठी डॉकिंग स्टेशन घ्यायचं आहे, बजेट १५ हजारांच्या आत. सामान असं: ऑफिसचा डेल लॅटिट्यूड ५४२० (विंडोज ११, ॲडमिन हक्क नाहीत, मूळ चार्जर टाइप-सी ६५ वॅटचा) आणि घरचा मॅकबुक एअर एम२. २७ इंची १४४०पी मॉनिटर एक आहे, त्याला एक डिस्प्लेपोर्ट आणि दोन एचडीएमआय इनपुट. तसाच दुसरा घ्यायचा विचार चालू आहे. शिवाय वायरलेस कीबोर्ड-माऊसचा डोंगल, वेबकॅम, लॅनची वायर आणि अधूनमधून बॅकअपची हार्ड डिस्क.

सकाळी ऑफिसच्या लॅपटॉपला एक वायर लावली की सगळं चालू व्हावं आणि संध्याकाळी तीच वायर काढून मॅकला लावता यावी, एवढंच हवं आहे. पण ३ हजारांच्या '११ इन १' हबपासून ४० हजारांच्या थंडरबोल्ट डॉकपर्यंत सगळ्यांच्या खोक्यावर 'ड्युअल ४के' छापलेलं आहे. फरक नेमका कशात असतो? आणि दोन्ही लॅपटॉपवर दोन्ही मॉनिटर स्वतंत्र चालतील का?

दोन_पडदे

डॉक नंतर बघू, आधी लॅपटॉपचं पोर्ट बघा. साधा डॉक स्वतः चित्र तयार करत नाही. लॅपटॉपच्या ग्राफिक्सकडून टाइप-सी मधून जेवढं येतं तेवढंच तो पुढे वाटतो. (डिस्प्लेलिंकचे डॉक याला अपवाद, ते प्रकरण वेगळं आहे.) म्हणून एकच डॉक एका लॅपटॉपवर दोन मॉनिटर सुरळीत चालवतो आणि दुसऱ्यावर अडतो, आणि लोक डॉकला शिव्या देतात.

टाइप-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार लेन असतात. हबला यूएसबी ३ चा वेग द्यायचा तर दोन लेन यूएसबीला जातात आणि चित्रासाठी दोनच उरतात. आता लेनचा वेग. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या म्हणजे एचबीआर२ च्या (एचबीआर हे लेनच्या वेगाच्या श्रेणीचं नाव) एका लेनमधून सेकंदाला प्रत्यक्ष उपयोगाचे ४.३२ गिगाबिट मिळतात, दोन लेनचे ८.६४. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या एचबीआर३ मध्ये लेनला ६.४८, दोन लेनचे १२.९६.

६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना, मॉनिटरची गरज साधारण अशी: १०८०पी ला ३.३, १४४०पी ला ५.८, ४के ला १२.८ गिगाबिट. आता स्वतःच जुळवून बघा. एचबीआर२ वर दोन १०८०पी आरामात बसतात. एक १४४०पी आणि एक १०८०पी मिळून ९.१ होतात, बसत नाहीत. ४के तर ३० हर्ट्झवरच येतं. स्वस्त हबवरच्या 'ड्युअल ४के' चा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो, आणि ३० हर्ट्झवर माऊसचा बाण ओढल्यासारखा चालतो, दिवसभर काम करवत नाही.

तुमच्या ५४२० मध्ये ११ व्या पिढीचा इंटेल आहे, म्हणजे एचबीआर३. दोन १४४०पी चे ११.६ गिगाबिट १२.९६ मध्ये बसतात, पण जागा फार उरत नाही. दुसरा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आला आणि तुम्ही दोन्ही ७५ वर ठेवले तर १४.६ होतात. मग विंडोज एकाचं रिझोल्यूशन खाली आणतं किंवा तो मॉनिटर लागतच नाही. दोन्ही ६० वर ठेवायचे: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. लॅपटॉप आणि डॉक दोन्हीकडे डीएससी नावाचं कॉम्प्रेशन असेल तर हे गणित सैल होतं, पण खरेदी त्याच्या भरवशावर करू नका.

५४२० ची दोन्ही टाइप-सी पोर्टं थंडरबोल्ट ४ (टाइप-सीच्याच आकाराचं, जास्त वेगाचं पोर्ट) आहेत, पोर्टाशेजारी विजेची खूण दिसेल. म्हणजे थंडरबोल्ट डॉक लावलात तर ही ओढाताणच नाही, ४० गिगाबिटमध्ये दोन ४के ६० हर्ट्झवर चालतात. पण १५ हजारांत नवा थंडरबोल्ट ४ डॉक मिळणं कठीण, आणि दोन १४४०पी साठी त्याची गरजही नाही. एचबीआर३ चालणारा, स्वतःचा अडॅप्टर असलेला साधा टाइप-सी डॉक पुरेल. जाहिरातीत 'डीपी १.४' आणि 'एमएसटी' हे दोन शब्द शोधा. त्यातला एक जरी नसेल तर पुढे जा.

सफरचंद_बाग

विंडोजचं वरचं सगळं बरोबर. मॅकला मात्र एमएसटी लागू नाही, आणि पैसे तिथेच वाया जातात.

एमएसटी म्हणजे एकाच डिस्प्लेपोर्टच्या प्रवाहात दोन मॉनिटरांची चित्रं एकत्र पाठवून डॉकमध्ये वेगळी करणं. विंडोजला ते जमतं. मॅकओएस एमएसटीवर दुसरा मॉनिटर स्वतंत्र चालवत नाही. दोन्ही मॉनिटर लावले तर दोन्हीवर एकच चित्र दिसतं.

त्यावर लोक म्हणतात, मग थंडरबोल्ट डॉक घ्या. एम२ एअरला त्याचाही उपयोग नाही, कारण ती मर्यादा चिपची आहे: बाहेरचा मॉनिटर एकच. ४० हजारांचा डॉक लावला तरी दुसरा काळाच राहणार. झाकण बंद करूनही फरक पडत नाही. झाकण बंद केल्यावर दोन मॉनिटर ही सोय एम३ एअरपासून (२०२४) आली, आणि झाकण उघडं ठेवून दोन मॉनिटर एम४ एअरमध्ये (२०२५). दुकानदार हे तिन्ही सर्रास एकत्र करून सांगतात.

एम२ वर दोन स्वतंत्र मॉनिटर हवेच असतील तर डिस्प्लेलिंक हाच मार्ग. त्यात लॅपटॉपवरचा ड्रायव्हर चित्र कॉम्प्रेस करून यूएसबी डेटा म्हणून पाठवतो आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. एक्सेल, कोड, मेल यांना पुरेसं आहे. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमला नको. मॅकवर त्याला 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी द्यावी लागते. त्यामुळे संरक्षित व्हिडिओ, म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या सेवांचे, चालवताना काळी चौकट दिसते. मॅकओएसची मोठी आवृत्ती आली की डिस्प्लेलिंकचा नवा ड्रायव्हर आल्याची खात्री करूनच अपडेट करा.

पण डिस्प्लेलिंकचा मोठा डॉक घेऊ नका. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिन हक्क नाहीत, ड्रायव्हर चढला नाही तर तिथे दोन्ही मॉनिटर काळे. त्याऐवजी डॉक एमएसटीचाच घ्या, आणि डॉकच्या यूएसबी पोर्टात डिस्प्लेलिंकचा छोटा यूएसबी-एचडीएमआय अडॅप्टर कायमचा खोचून ठेवा. जोडणी अशी:

पहिला मॉनिटर: डॉकच्या डिस्प्लेपोर्टवरून. दोन्ही लॅपटॉपना तोच.

दुसरा मॉनिटर: त्याच्या डिस्प्लेपोर्ट इनपुटला डॉकची वायर, एचडीएमआय इनपुटला डिस्प्लेलिंक अडॅप्टरची वायर. विंडोज असताना डिस्प्लेपोर्ट, मॅक असताना एचडीएमआय.

दुसऱ्या मॉनिटरच्या मेनूत 'ऑटो इनपुट' बंद करा, नाहीतर मॅक लावल्यावर तो डिस्प्लेपोर्टवरचं नकलेचं चित्र पकडून बसेल. विंडोज अपडेटने कधीकधी डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर आपोआप येतो. तसं झालं तर ऑफिसच्या लॅपटॉपला तिसरा मॉनिटर दिसू लागेल. डिस्प्ले सेटिंगमध्ये तो 'डिस्कनेक्ट' करायचा.

अडॅप्टर घेताना '१४४०पी ६० हर्ट्झ' स्पष्ट छापलेलं बघा. जुन्या डिस्प्लेलिंक चिपांची धाव १०८०पी च्या आसपासच संपते. आणि डिस्प्लेलिंकचं नाव नसलेले स्वस्त यूएसबी-एचडीएमआय अडॅप्टर दुसऱ्याच चिपचे असतात, त्यांचा मॅक ड्रायव्हर आहे का हे आधी तपासा.

शांत_टेबल

मॅकचं हे कुठल्याच दुकानात कळलं नसतं. मॅकवर मला मुख्यतः एकच मॉनिटर पुरेल, त्यामुळे तो अडॅप्टर नंतरही घेता येईल. एक शंका: दुसरा मॉनिटर अजून घ्यायचा आहे. टाइप-सी हब आतच असलेला मॉनिटर घेतला तर डॉक वाचेल का?

प्लग_पॉइंट

वाचेल, आणि चांगला पर्याय आहे. अशा मॉनिटरच्या एका टाइप-सी वायरीतून चित्र, चार्जिंग आणि यूएसबी तिन्ही जातात. काहींना लॅनचं पोर्ट आणि पुढच्या मॉनिटरसाठी 'डीपी आउट'ही असतं. तुमचा जुना मॉनिटर त्या डीपी आउटला जोडायचा. टेबलावर डॉक नाही, त्याच्या अडॅप्टरची वीट नाही, सॉकेटही एक कमी लागतं.

घेताना तीन गोष्टी बघा. चार्जिंग ६५ वॅट किंवा वर हवं. १५ वॅटवालं टाइप-सी फक्त फोनच्या कामाचं. लॅन पोर्ट खरंच आहे का, कारण एकाच मालिकेत एक मॉडेल लॅनसह आणि दुसरं त्याच्याविना असतं आणि नावात एका अक्षराचा फरक असतो. तिसरं, मेनूतली यूएसबीची सेटिंग. काही मॉनिटरांत 'हाय डेटा स्पीड' आणि 'हाय रिझोल्यूशन' असा पर्याय असतो. दुसरा निवडला की चारही लेन चित्राला जातात, पण हब यूएसबी २ वर येतो, म्हणजे लॅनही मंदावतो आणि हार्ड डिस्कही.

दोन_पडदे

हे चालेल, तरी मी वेगळा डॉकच घेईन. डीपी आउट म्हणजे पुन्हा एमएसटीच, त्यामुळे मॅकची अडचण जशीच्या तशी राहते. आणि हब बिघडला तर २७ इंची मॉनिटर सर्व्हिस सेंटरला न्यायचा, तोवर टेबल बंद. डॉक बिघडला तर लॅपटॉपचं एचडीएमआय मॉनिटरला लावून त्याच दिवशी काम चालू राहतं. शिवाय दुसरा मॉनिटर साधा घेतलात तर पहिल्याच्या जोडीचा, त्याच पॅनेलचा मिळतो. शेजारी ठेवलेल्या दोन मॉनिटरांचे पांढरे रंग वेगळे दिसले की डोळ्यांना सतत खुपतं, आणि मेनूतून ते पूर्ण जुळत नाहीत.

वीजमापक

विजेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे डॉकच्या अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

चार्जर बाहेरून लावायचे जे हब असतात त्यांवर '१०० वॅट पीडी' (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीतून चार्जिंगची पद्धत) लिहिलेलं असतं. ते आत येणाऱ्या विजेचं माप आहे. हब त्यातले १० ते १५ वॅट स्वतःसाठी राखतो. तुमचा ६५ वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉपपर्यंत ५० पोचतील आणि डेल 'स्लो चार्जर'ची सूचना देईल. हबमधून दोन मॉनिटर चालवायचेच असतील तर १०० वॅटचा चार्जर आणि ५ अँपिअरची, आत ई-मार्कर चिप (केबल किती करंट पेलते हे सांगणारी) असलेली केबल लागते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटपर्यंतच.

याहून महत्त्वाची गोष्ट: अशा हबचा चार्जर निघाला किंवा वीज गेली की हब लॅपटॉपशी विजेचा करार नव्याने करतो. त्या क्षणी बरेच हब पूर्ण रीसेट होतात. मॉनिटर काळे होतात, लॅन तुटतो, आणि हार्ड डिस्कवर कॉपी चालू असेल तर फाइल खराब होते. दिवसातून दोनदा वीज झपकन जाऊन येत असेल तिथे हा प्रकार चालणारच नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला डॉक घ्या आणि तो यूपीएसवर ठेवा.

भार फार नाही. डॉक आणि त्यातून चार्ज होणारा लॅपटॉप मिळून ९० वॅट धरा, २७ इंची मॉनिटर प्रत्येकी ३० च्या आसपास, राउटर १०. एकूण १६० वॅट. बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, त्यावर काही मिनिटं निघतात. घरात इन्व्हर्टर असेल तरी लहान यूपीएस ठेवा, कारण इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणभराच्या खंडातही काही डॉक रीसेट होतात. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. डॉक जिवंत आणि नेट बंद, याला अर्थ नाही.

आणि अर्थिंग. मॅकच्या किंवा डॉकच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते दोन पिनी चार्जरमधल्या गळतीच्या बारीकशा करंटमुळे. तीन पिनी अडॅप्टरने ते थांबायला हवं. थांबत नसेल तर सॉकेटला अर्थिंगची वायर पोचलेलीच नाही असं समजा. वायरमनकडून मीटरने मोजून घ्या: फेज आणि अर्थ यांत २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांत एखाद-दोन व्होल्ट. तिसरी पिन काढून टाकणं किंवा दोन पिनी कन्व्हर्टर लावणं हा उपाय नाही.

जुनाबाजार

बजेट बघता कॉर्पोरेट ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड डॉक घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात चौकशी करा. तुमच्या जोडीला डेल डब्ल्यूडी१९ बसतो: दोन डिस्प्लेपोर्ट १.४, एक एचडीएमआय २.०, लॅन, आणि एचबीआर३ लॅपटॉपवर दोन १४४०पी ६० हर्ट्झवर. डेल नसलेल्या लॅपटॉपलाही ९० वॅटपर्यंत चार्जिंग देतो, मॅकला ते भरपूर झालं. त्याच्याआधीचा डब्ल्यूडी१५ स्वस्त मिळतो, पण तो एचबीआर२ चा आहे. तुमच्या दोन मॉनिटरांना पुरणार नाही.

दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप न्या आणि हे बघा:

अडॅप्टर डॉकसोबतचा, मूळ डेलचा हवा. लेबलवर १९.५ व्होल्ट, ६.७ अँपिअर म्हणजे १३० वॅट, ९.२३ अँपिअर म्हणजे १८० वॅट. डेलच्या जाड गोल पिनेच्या मध्यभागी एक बारीक सुई असते, अडॅप्टर किती वॅटचा आहे हे तिच्यातून कळतं. ती वाकलेली असेल किंवा अडॅप्टर नकली असेल तर डॉक दिवा लावतो, पण लॅपटॉप चार्ज होत नाही.

डॉकची टाइप-सी वायर अंगचीच असते. लॅपटॉपकडच्या टोकाला, प्लग जिथे वायरीला मिळतो तिथे वाकवून बघा. चित्र लुकलुकलं तर वायर आतून गेली आहे. डब्ल्यूडी१९ मध्ये वायरीसकट मॉड्यूल बदलता येतं, पण ते शोधत बसण्यापेक्षा दुसरा नग मागा.

परदेशातून आलेल्या मालाला अमेरिकन किंवा युरोपियन पिनेची कॉर्ड असते. कन्व्हर्टर लावू नका, आयएसआय शिक्क्याची ६ अँपिअरची तीन पिनी कॉर्ड वेगळी घ्या.

घरी आणल्यावर डेलच्या साइटवरून डॉकचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. झोपेतून उठल्यावर मॉनिटर न लागणं, लॅन अधूनमधून तुटणं हे त्रास पुष्कळदा तेवढ्यानेच जातात. तुमच्याकडे ॲडमिन हक्क नाहीत, म्हणून हे ऑफिसच्या आयटीकडून करून घ्या. त्याच फोनमध्ये विचारा की डॉकच्या लॅनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) त्यांच्या नेटवर्कवर अडतो का. डेल लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) मॅक ॲड्रेस पास-थ्रू चालू केला की डॉकवर लॅपटॉपचाच ॲड्रेस दिसतो आणि प्रश्न मिटतो.

शांत_टेबल

डब्ल्यूडी१९ आणि त्याच जोडीचा साधा मॉनिटर असं ठरवतोय. राहता राहिला डोंगल. हबला लावला की माऊस अडखळतो असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. डॉकलाही तसंच होईल का?

दोन_पडदे

होऊ शकतं, आणि डॉकचा तो दोष नसतो. यूएसबी ३ च्या डेटाचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि डोंगलही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. डोंगल हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टात असेल तर कॉपी चालू होताच माऊस अडखळतो, कॉपी संपली की नीट. यूएसबी २ ची एक मीटरची एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल मॉनिटरच्या पायाशी, कीबोर्डासमोर आणून ठेवा. एक्स्टेंशन यूएसबी ३ ची नको, २ चीच. वेबकॅम आणि हार्ड डिस्क डॉकच्या मागच्या पोर्टांत.

असाच फसवा दुसरा प्रकार: गॅस लिफ्टच्या खुर्चीतून उठताना किंवा बसताना मॉनिटर क्षणभर काळा होतो. खुर्चीच्या दांड्यातून स्थिर विजेची ठिणगी पडते आणि नीट शील्डिंग नसलेली मॉनिटरची वायर ती पकडते. डॉक बदलून हे जात नाही, वायर बदलून जातं.

म्हणून पहिल्या दिवशी सगळं एकदम जोडू नका. मॉनिटरसोबत आलेल्या डिस्प्लेपोर्ट वायरी लावा, फक्त दोन मॉनिटर आणि चार्जिंग अर्धा तास चालू द्या, दोन्ही ६० हर्ट्झवर आहेत का बघा. मग लॅन, मग वेबकॅम, शेवटी हार्ड डिस्कवर एक मोठी फाइल कॉपी करत माऊस हलवून बघा. प्रत्येक टप्प्यावर लॅपटॉप झोपवून उठवा. डॉक गरम लागेल, ते चालतं. फक्त लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीपुढे ठेवू नका. एखाद्या टप्प्यावर मॉनिटर गेला तर शेवटी जोडलेली वस्तू काढून पुन्हा बघा. नुसते दोन मॉनिटर लावूनच चित्र जात असेल तर दुसरी डिस्प्लेपोर्ट वायर लावून एकदा बघा, आणि तरीही गेलं तर दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत डॉक परत न्या.